फजितीची शिदोरी

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेत नववीच्या वर्गास आम्ही ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ हा निबंधाचा विषय दिला होता. विषय नवा नव्हता. आमच्या गुरुजींनी आम्हांस दिला होता, त्यांच्या गुरुजींनी त्यांस दिला असावा. उत्तरपत्रिका तपासावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, बमरोलीतील आमच्या वर्गाचा मोठा भाग काश्मीर पाहून आला आहे. काहीजण आग्र्यास गेले होते, आणि दोघांनी तर थेट स्वित्झर्लंड गाठले होते. सर्वांची गाडी वेळेवर सुटली होती. सर्वांस खिडकीजवळची जागा मिळाली होती. सर्वांनी मागे पळणारी झाडे पाहिली होती, आणि सर्वजण अंतःकरणात अमोल आठवणींचा ठेवा घेऊन सुखरूप घरी परतले होते. कोणाची पिशवी हरवली नव्हती, कोणास गाडीत मळमळले नव्हते, कोणी चुकून भलत्याच स्थानकावर उतरला नव्हता.

त्यांतील एका निबंधास आम्ही दहांपैकी आठ गुण दिले. अक्षर वळणदार होते, शुद्धलेखन निर्दोष होते आणि चिनारच्या झाडांचे वर्णन तर फारच बहारीचे होते. पुढे पालकसभेस त्या विद्यार्थ्याची आई आली, तेव्हा आम्ही कौतुकाने तो निबंध तिच्यापुढे ठेवला. माउलीने तो हातात धरला, मुलाकडे पाहिले आणि म्हणाली, “गुरुजी, कसलं काश्मीर नि कसलं काय! आमचा प्रवास म्हणजे दोंडाईचा ते उधना. तेवढा एकच, पण जन्माला पुरला.”

मग तिने जे सांगितले ते असे. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षाने तिचे यजमान सुरतेस लूमवर कामास लागले आणि तिला आणावयास गावी गेले. कडेवर तीन महिन्यांची मुलगी, पायाशी एक पत्र्याची पेटी आणि एक बोचके. गाडी नवापूरला थांबली. यजमान पाण्याचा कॅन घेऊन नळावर उतरले. नळावर गर्दी होती. कॅन भरेपर्यंत गाडी सुटली. तिकिटे त्यांच्या खिशात, पैसेही त्यांच्याच खिशात. हिने तोवर तालुक्याचे गावदेखील एकटीने पाहिलेले नव्हते, आणि आजूबाजूचे बोलणे हळूहळू गुजरातीत बदलत चाललेले. तिकीट तपासनीस आला तेव्हा हिच्या तोंडून शब्द फुटेना. समोरच्या बाकावरील एका गुजराती बाईने तिची बाजू मांडली, मुलीला आपल्या मांडीवर घेतले आणि हिला दोन थेपले खावयास लावले. यजमानांच्या तोंडून एकच नाव तिने ऐकलेले होते, ते उधना. तेथे ती उतरली आणि पेटीवर बसून राहिली. संध्याकाळ झाली, रात्र झाली. फलाटावर येणारे प्रत्येक माणूस आपलेच आहे असे तिला वाटे. पहाटे पुढच्या गाडीने यजमान आले.

“हातात तो कॅन तसाच होता,” ती हसत म्हणाली. “बायको गेली तर गेली, पाणी मात्र आणलं हो!”

मुलगा बाजूस उभा राहून ऐकत होता. त्याच्या मुद्रेवरून आम्हांस कळून चुकले की, ही हकीकत त्याने जन्मात प्रथमच ऐकली. त्या दिवशी आम्हांस आमचीच लाज वाटली. निबंधाचे आठ गुण आम्ही परत घेतले नाहीत, कारण दोष त्या मुलाचा नव्हता. प्रवास म्हणजे दूरच्या सुंदर ठिकाणी सुखाने जाऊन येणे, अशी समजूत आम्ही शिक्षकांनीच त्याच्या मनात रुजविली होती. त्या समजुतीविरुद्ध चार शब्द लिहावेत, म्हणून यंदाच्या वार्षिकांकात आम्ही ही जागा मागून घेतली आहे.

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, हे आपण सर्वांनी लहानपणी पाठ केले आहे. परंतु ते शहाणपण प्रवासातील नेमक्या कोणत्या क्षणी येते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ते ताजमहालासमोर उभे राहिल्याने येत नाही, कारण ताजमहालाचे चित्र आपण आधीच पाहिलेले असते. ते येते गाडी चुकल्यावर, पाकीट मारले गेल्यावर, भाषा न कळल्यावर, अनोळखी माणसापुढे हात पसरावा लागल्यावर. आपण घरी जे कोणी असतो, ते परमुलुखात कोणीच नसतो. हे समजते ते फजिती होते तेव्हाच. म्हणून आमचे मत असे की, प्रवासवर्णनात फजिती हा केवळ गमतीचा भाग नसून तोच त्याचा गाभा आहे, आणि जो प्रवासी आपली फजिती लपवितो तो वाचकास अर्धीच शिदोरी देतो.

आपल्या मराठीतील एक फार वाचले गेलेले प्रवासवर्णन घ्या. ते एका अयशस्वी प्रवासाचे आहे. पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे यांच्या घरावर कर्ज झाले होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता कोकणात पोहोचली. विष्णुभट आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. वर्ष होते १८५७! घरून निघताना त्या दोघा गरीब भिक्षुकांच्या ध्यानीमनी नव्हते की, आपण इतिहासातील एका मोठ्या वणव्याच्या दिशेने पायी चाललो आहोत. यज्ञाची दक्षिणा राहिली बाजूस, आणि १८५८ साली झांशीस इंग्रजी फौजेचा वेढा पडला तेव्हा हे दोघे शहरात अडकले होते. तोफांचे गोळे, लूट, कत्तल, तहान हे सर्व त्यांनी पाहिले व सोसले. मोठ्या कष्टाने जमविलेला पैसा गेला. ज्या कर्जासाठी घर सोडले ते फेडण्याजोगी संपत्ती काही हाती आली नाही. घरी नेली ती आई-वडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड.

व्यवहारी माणूस म्हणेल, प्रवास फसला. पण पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी तो सगळा वृत्तान्त लिहून काढला, आणि १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने तो छापला गेला. झांशीच्या त्या दिवसांचे एका साध्या मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेले चित्र आज आपल्यापाशी आहे, ते या फसलेल्या प्रवासामुळेच. विष्णुभटांनी आपण किती घाबरलो, कोठे लपलो, कसे लुटले गेलो हे लपविले नाही. त्यांनी शौर्याचा आव आणला असता, तर त्यांच्या वचनावर कोणी विश्वास ठेवला असता? भित्रेपणाची कबुली देणारा साक्षीदार आपणांस खरा वाटतो, आणि योग्य कारणानेच खरा वाटतो.

दुसरे उदाहरण आमच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे, कारण ते आमच्याच कोकणी बोलणाऱ्या मुलुखातील आहे. गोव्यातील साखवळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचे शालेय शिक्षण बेताचेच झाले होते. घरच्या नारळीच्या बागेची देखरेख करीत असताना ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले, आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकावयाचा, हा एकच ध्यास त्यांस लागला. विद्यार्थिमित्रहो, ते मुलांचे मासिक होते, हे लक्षात ठेवा. शाळेच्या वार्षिकांकालाही क्षुद्र समजू नका!

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. जवळ पैसा नाही, इंग्रजी नाही, ओळखीपाळखी नाहीत. पुणे, ग्वाल्हेर असे करीत ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाची जन्मभूमी ज्या बाजूस त्या नेपाळात तरी धर्म जिवंत असेल, या आशेने १९०२ साली खडतर वाटेने काठमांडूस गेले. तेथे बौद्ध धर्माची जी अवस्था दिसली तिने त्यांची पार निराशा झाली. एवढी पायपीट करून हाती काय आले? तर आपण चुकीच्या ठिकाणी आलो, हे ज्ञान! ते माघारी फिरले, बुद्धगयेस गेले, आणि तेथून कलकत्ता व मद्रासमार्गे सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस पोहोचले. तेथे पालीच्या अभ्यासाचे दार उघडले खरे, पण अन्न मानवेना व प्रकृती साथ देईना, म्हणून पुन्हा हिंदुस्थानात परतावे लागले. पुढे ब्रह्मदेश झाला.

या भटक्या, पदवी नसलेल्या माणसास कलकत्ता विश्वविद्यालयाने पाली शिकविण्यास बोलाविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून, दरमहा पन्नास रुपये देऊ केले. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विश्वविद्यालयाने ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांस पाचारण केले. येथे गोष्ट सुखान्त व्हावी असे आपणांस वाटते, पण प्रवास गोष्टीप्रमाणे वागत नाही. ग्रंथावर नाव कोणाचे व कसे घालावयाचे, यावरून तेथील प्राध्यापकांशी त्यांचे पटले नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा समुद्र ओलांडावा लागला. अखेर तो ग्रंथ हार्वर्डने प्रसिद्ध केला १९५० साली, आणि कोसंबींचा देहान्त १९४७ सालीच सेवाग्राम येथे झाला होता.

१९२४ साली निघालेल्या ‘निवेदन’ या आपल्या आत्मचरित्रात कोसंबींनी आपली निराशा, आजार, चुका आणि मनाचा दुबळेपणा यांवर पांघरूण घातलेले नाही. घरी तरुण पत्नी व तान्ही मुलगी ठेवून हा माणूस निघून गेला होता. या एका गोष्टीचा जाब वाचकाच्या मनात उभा राहतोच, आणि तो राहावा. प्रत्येक मोठ्या प्रवासाचे भाडे घरी राहिलेल्या कोणीतरीही भरलेले असते. आमच्या विद्यार्थ्याची आई एक रात्र उधन्याच्या फलाटावर बसली. साखवळची बालाबाई कोसंबी किती वर्षे वाट पाहत बसली असेल!

कोसंबींचे पुस्तक वाचून आमच्याही डोक्यात वेड शिरले. तेव्हा आमची तिशी नुकतीच जवळ आली होती. २०१९ सालच्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुटीत, साठविलेले पैसे घेऊन आम्ही गोरखपूरमार्गे सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात उतरलो. आम्ही शाळेत भूगोल शिकवितो. रेखावृत्ते, स्थानिक वेळ, प्रमाणवेळ हे प्रकरण तर आमच्या हातखंड्याचे. लुंबिनी पाहून झाल्यावर काठमांडूस जाणाऱ्या सकाळी सातच्या बसचे तिकीट काढले आणि दुसऱ्या दिवशी बसतळावर दिमाखात हजर झालो. आमच्या मनगटावरील घड्याळात सातला दहा मिनिटे कमी होती. बस मात्र दिसेना. चौकशी केली तेव्हा तेथील माणसाने शांतपणे भिंतीवरील घड्याळाकडे बोट दाखविले. त्यात सात वाजून पाच मिनिटे झाली होती. नेपाळची प्रमाणवेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटांनी पुढे आहे, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. बस सुटल्यावर ते आम्हांस समजले.

फजितीस बहीण असते असे म्हणावयास हरकत नाही, कारण ती क्वचितच एकटी येते. दुसरे तिकीट काढण्यासाठी आम्ही पाचशे रुपयांची नोट पुढे केली. त्या काळात नेपाळात शंभराहून मोठी भारतीय नोट चालत नसे. आमच्यापाशी शंभराच्या नोटा संपल्या होत्या. खिशात हजारो रुपये असताना आम्ही त्या बसतळावर निर्धन होऊन उभे होतो. भ्रमणध्वनीचे भारतीय सिमकार्ड सीमेपलीकडे मुके झालेले. शेजारी एक वृद्धा चहाची टपरी चालवीत होती. आमची घालमेल पाहून तिने न विचारताच चहा पुढे केला. आम्ही मानेनेच नको म्हटले, कारण द्यावयास सुटे पैसे नव्हते. तिने चहा तसाच समोर ठेवला आणि आपल्या नातवास आमच्याबरोबर नोटा बदलून देणाऱ्या दुकानदाराकडे धाडले. परत आल्यावर आम्ही चहाचे पैसे देऊ लागलो, ते तिने घेतले नाहीत.

त्या सहलीत पुढे आम्ही स्वयंभूनाथ पाहिले, पशुपतिनाथाचे दर्शन घेतले. त्यांची छायाचित्रे आमच्यापाशी आहेत. ती हल्ली क्वचितच काढून पाहतो. त्या वृद्धेचे छायाचित्र काढावयाचे सुचले नाही. पण परगावचा एखादा मनुष्य गोंधळून रस्त्यात उभा दिसला की आम्हांस त्या चहाची आठवण होते, आणि पाय आपोआप थांबतात.

फजिती होण्यासाठी सीमा ओलांडावी लागते, असेही नाही. सुरतेस आम्ही प्रथम आलो तेव्हा बमरोलीत भाड्याने खोली शोधत होतो. एक खोली मनास आली. घरमालकांनी हसतमुखाने सांगितले, “काले आवजो.” आमची मातृभाषा कोकणी, शिक्षण मराठीत, दोन्हींत ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस. आम्ही समजलो की, काल यावयास हवे होते, आज खोली गेली. वाईट वाटले, नमस्कार केला आणि निघून आलो. चार दिवसांनी तेच गृहस्थ रस्त्यात भेटले आणि उलट आमच्यावरच रागावले, की मी दिवसभर वाट पाहिली, तुम्ही आला नाही, शेवटी खोली दुसऱ्यास दिली! गुजरातीत ‘काले’ म्हणजे उद्यासुद्धा. गेलेला असेल तर ‘गई काले’, येणारा असेल तर ‘आवती काले’. हा धडा आम्हांस कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने इतका पक्का शिकविला नसता. खोली गेली, पण त्या दिवसापासून आम्ही गुजराती मनापासून शिकू लागलो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्या एका सहकाऱ्यांनी घेतलाही आहे. ते म्हणाले, “ही कष्टकऱ्यांची मुले. अडचणी ती रोज पाहतात. निबंधात तरी त्यांना काश्मीर पाहू द्या की! त्यांच्या घरची दैना त्यांच्याकडून लिहवून घेण्यात कोणता पुरुषार्थ?” आक्षेप सहृदय आहे, म्हणून त्यास उत्तर देणे प्राप्त आहे. मुलांनी काश्मीरची स्वप्ने अवश्य पाहावीत, आणि मोठेपणी स्वतःच्या पैशाने तेथे जाऊनही यावे. पण स्वप्न हे स्वप्न म्हणून लिहावे. न केलेला प्रवास केला म्हणून लिहिताना मूल केवळ खोटे लिहीत नाही. आपल्या घरी सांगण्याजोगे काही घडलेलेच नाही, असे ते हळूहळू मानू लागते. हे नुकसान आठ गुणांनी भरून येणारे नाही. शिवाय दैना निराळी आणि फजिती निराळी. दैनेत मनुष्य रडतो. फजितीत तो त्या क्षणी रडला तरी पुढे तीच हकीकत हसत सांगू शकतो, कारण तो तीतून पार पडलेला असतो. पाण्याच्या कॅनची गोष्ट सांगताना ती माउली हसली, हे विसरू नका.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. फजिती थोर म्हणून ती ओढवून घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. धावत्या गाडीच्या दारात लोंबकळणे, भरतीच्या वेळी डुमसच्या समुद्रात छायाचित्रासाठी पुढे पुढे जाणे, ही साहसे नव्हेत. तो अविचार आहे, आणि त्याची गोष्ट सांगावयास पुष्कळदा सांगणाराच उरत नाही. तयारी पूर्ण करावी, तिकीट जपावे, वेळेआधी पोहोचावे, आणि तरीही जी फजिती गाठते तिच्यापुढे गांगरून न जाता तिला काही विचारावे. एवढेच आमचे सांगणे आहे.

आता आपल्या सुरतेकडे वळू. सुरत हे मोगलांच्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर. जगभरचे प्रवासी येथे उतरत आणि येथून परत जात. त्यांतील एक विक्षिप्त इंग्रज होता टॉमस कोर्याट. १६०८ साली तो बहुतांशी पायी युरोप हिंडून आला होता आणि त्या प्रवासाचे जोडे त्याने गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले होते. १६१२ साली तो पुन्हा निघाला. तुर्कस्तान, पॅलेस्टाईन असे करीत अलेप्पोपर्यंत आला, आणि तेथून इराणमार्गे चालत चालत १६१५ साली अजमेरास जहांगीर बादशहाच्या दरबारी पोहोचला. वाटेत तो लुटला गेला. तरी अलेप्पोपासून अजमेरपर्यंत आपला सारा खर्च सुमारे तीन पौंड झाला, आणि त्यांतलेही दहा शिलिंग लोकांनी फसवून नेले, असा हिशेब त्याने अभिमानाने लिहून ठेवला.

त्याचा एक गुण तुम्ही घ्यावा असा आहे. जाईल तेथली भाषा तो शिके. बादशहापुढे त्याने फारसीत भाषण केले आणि शंभर रुपये मिळविले. इंग्रज वकील सर टॉमस रो यांच्या परिवारात एक भांडखोर धोबीण होती. तिच्यापुढे सकाळपासून रात्रीपर्यंत कोणाचे काही चालत नसे. कोर्याटने एके दिवशी तिच्याच हिंदुस्थानी भाषेत तिच्याशी असा सामना केला की, सकाळचे आठ वाजावयाच्या आत ती निरुत्तर झाली. ही हकीकत रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने लिहून ठेवली आहे.

पण त्याच टेरीने दुसरीही एक गोष्ट लिहिली आहे. १६१७ साली मांडवगडास असताना कोर्याट एकाएकी मूर्च्छित पडला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला की, आपणांस मरणाचे भय वाटत नाही. सुरतेच्या वाटेवर मरण आले तर आपण कोठे कसे नाहीसे झालो हे कोणासही कळणार नाही, आणि एवढी पायपीट अंधारात जाईल, याचे भय वाटते. अशक्त स्थितीत तो सुरतेस पोहोचला. येथील इंग्रजांनी प्रेमाने त्यास मद्य पाजले, त्याचे पोटाचे दुखणे बळावले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. त्याने वाटेत केलेल्या टिपणांचा मोठा भाग नष्ट झाला. थोडी पत्रे आणि इतरांनी लिहिलेल्या आठवणी एवढेच उरले. हजारो मैल चाललेल्या मनुष्याचे भय अशा प्रकारे बऱ्याच अंशी खरे ठरले, आणि ते खरे ठरले आपल्याच गावी.

विद्यार्थिमित्रहो, सुरतेच्या मातीत अशा किती प्रवासांच्या हकीकती पुरल्या गेल्या असतील! आपल्या बमरोलीत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली मराठी माणसे आहेत; ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेलीही आहेत. यांतील प्रत्येक घर कधीतरी एका गाडीत बसले, एका अनोळखी फलाटावर उतरले, एका न कळणाऱ्या भाषेत पत्ता विचारीत हिंडले. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा याच सुरतेतून हजारो माणसे मिळेल त्या मार्गाने, कित्येक तर पायी, गावाकडे निघाली आणि काही महिन्यांनी पुन्हा परतली. तुम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होता. तुमच्यापैकी काहींच्या पायांनाही ती वाट ठाऊक असेल. नवापूर स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. आपल्या पालकांचे अर्धे आयुष्य त्या फलाटाच्या अलीकडे गेले, अर्धे पलीकडे. हा प्रवास काश्मीरच्या सहलीहून लहान कसा म्हणावा?

म्हणून आमची एक सूचना आहे. पुढील वार्षिकांकात सात-आठ पाने राखून ठेवावीत आणि त्यांस ‘घरचे प्रवासी’ असे नाव द्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने या उन्हाळ्यात आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसापाशी बसावे आणि दोन प्रश्न विचारावेत: तुम्ही सुरतेस प्रथम कसे आलात? आणि वाटेत तुमची सर्वांत मोठी फजिती कोणती झाली? उत्तर जसेच्या तसे लिहावे. अहिराणीत मिळाले तर अहिराणीत लिहावे, आम्ही ते शुद्ध करणार नाही. नाव छापू नको असे कोणी म्हटले तर छापू नये. त्यात चिनारची झाडे नसली तरी चालतील. गाडीचे नाव, उतरल्याचे स्थानक, जवळ असलेले पैसे आणि मदत करणाऱ्या माणसाचा चेहरा, एवढे असले की पुरे.

आणि तुम्ही स्वतः मोठेपणी जगात जाल, हे आम्हांस दिसते आहे. कोणी दुबईस जाल, कोणी जर्मनीस, कोणी अमेरिकेस. तेथून येताना आमच्यासाठी अत्तर किंवा चॉकलेट आणू नका. आपली कोठे फजिती झाली आणि त्या वेळी कोणी हात दिला, एवढे येऊन सांगा. आम्ही तोवर निवृत्त झालेलो असू. ऐकावयास आमच्यापाशी भरपूर वेळ असेल.

त्या विद्यार्थ्याने वार्षिक परीक्षेत पुन्हा प्रवासावरच निबंध लिहिला. आरंभच असा होता की, माझ्या बाबांनी एकदा आईला गाडीत विसरून पाणी मात्र जपून आणले. शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या. आम्ही नऊ गुण दिले.